रस्ता कुठून न्यायचा? नाशिक फाटा ते खेड या 30 किलोमीटरचा इतिहास

'महामार्गाचा मार्ग कसा ठरतो?' असं विचारलं की विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना उत्तर सोपं वाटतं. नकाशाचे चौकोन पाडा, प्रत्येक चौकोनाला खर्चाचा भार द्या. घर असेल तर जास्त, पडीक जमीन असेल तर कमी. मग संगणक सर्वांत स्वस्त रेघ काढून देतो. पद्धत बरोबर आहे. पण कशाला किती भार द्यायचा हे संगणक ठरवत नाही. शिवाय आज जिथे घर आहे तिथे 30 वर्षांपूर्वी शेत होतं, हेही त्याला माहीत नसतं. तिथून पुढे इतिहासाचं काम सुरू होतं.

उदाहरण घेऊ पुणे–नाशिक महामार्गाचं. जुना क्रमांक 50, आताचा 60. कासारवाडीच्या नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, मग इंद्रायणी ओलांडून चिंबळी, कुरुळी, चाकण आणि पुढे खेड म्हणजे राजगुरुनगर. अंतर साधारण 30 किलोमीटर.

आधी काळाचा क्रम लावून घ्या. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि 1982 मध्ये महानगरपालिका. 1997 मध्ये मोशीसह आजूबाजूची गावं महापालिकेत आली. चाकण तोवर मुख्यतः कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जायचं. 1999 मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा. कारखान्यामागोमाग सुटे भाग बनवणारे आले, गोदामं आली, कामगारांच्या खोल्या आल्या. आणि हे सगळं त्याच जुन्या रस्त्याला चिकटून वाढलं.

अशा रस्त्याची क्षमता वाढवायची तर तीन पर्याय असतात. आहे तोच रस्ता रुंद करायचा, तर कडेची दुकानं आणि घरं जातात. गावाबाहेरून वळण काढायचं, तर शेतकऱ्याची जमीन जाते आणि गावातल्या हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईकही. वरून उन्नत मार्ग न्यायचा, तर जमीन कमी लागते, पण पैसा प्रचंड लागतो. प्रत्येक पर्यायात कोणीतरी हरतं. म्हणून मार्गावरच्या वादात 'विकास हवा की नको' हा प्रश्न फारसा नसतोच. किंमत कोणी मोजायची, यावर भांडण असतं.

आता गंमत बघा. याच महामार्गाने दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं दिली. खेडपासून उत्तरेला राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव इथे बाह्यवळण निवडलं गेलं. खेडच्या दक्षिणेला मात्र जुनी रेघ सुटली नाही. 2 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या टप्प्यासाठी आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला: 30 किलोमीटर, 7,827 कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला सुमारे 260 कोटी. त्याच दिवशी मंजूर झालेला आग्रा–ग्वाल्हेर हा 88 किलोमीटरचा नवा सहा पदरी मार्ग 4,613 कोटींचा आहे, म्हणजे किलोमीटरला सुमारे 52 कोटी. ही तुलना जपून वापरा. पदर वेगळे, बांधणी वेगळी. तरी एवढा मोठा फरक काहीतरी सांगतोच. उन्नत मार्ग बीओटी पद्धतीचा आहे, म्हणजे खासगी कंपनी बांधणार आणि टोलमधून पैसे वसूल करणार. कडेची जागा वेळेवर मोकळी ठेवली गेली नाही, त्याचं बिल उद्या टोलनाक्यावर फाडलं जाईल.

मग चाकणला शेतातून वळण का नको? इथे खेड तालुक्याची आठवण लक्षात घ्यावी लागते. आधी एमआयडीसी, मग सेझ, मग विमानतळ. विमानतळाला तालुक्यात विरोध झाला आणि 2016 मध्ये सरकारने पुरंदरची जागा पुढे केली. इतक्या वेळा जमीन मागितली गेलेल्या भागात 'मोकळी जमीन' असा रंग नकाशावर भरणं सोपं असतं. गावात जाऊन ते सांगणं कठीण.

दुसरा प्रश्न: हा वाद घालायचा कुठे? मोशीपर्यंत महापालिका, पुढे ग्रामपंचायती, मग चाकण आणि राजगुरुनगर नगरपरिषदा. मध्येच एमआयडीसीची हद्द आणि बाहेरच्या नियोजनासाठी पीएमआरडीए. एवढ्या सगळ्यांच्या सभांमध्ये चर्चा होऊ शकते, पण राष्ट्रीय महामार्गाचा निर्णय केंद्राचा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 प्रमाणे कलम 3अ ची अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस मिळतात. मात्र अधिसूचनेत जमिनीचं वर्णन येतं तेव्हा रेघ जवळपास पक्की झालेली असते.

'मग आधीच आखून ठेवायचं ना!' असं तुम्ही म्हणाल. तेही झालंय. प्राधिकरणाच्या आराखड्यात 30 मीटर रुंदीचा रिंगरोड 1990च्या दशकापासून होता. पण जागा प्रत्यक्षात राखली गेली नाही. वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी भागात त्या रेघेवर घरं उभी राहिली. 2017 मध्ये कारवाई सुरू होताच 'घर बचाव संघर्ष समिती' रस्त्यावर उतरली; मागणी होती मार्ग बदलण्याची. रेघ आखणारं प्राधिकरण सरकारनियुक्त होतं, त्यामुळे मतदारांनी जाब विचारायचा तो नगरसेवकांना, ज्यांनी ती आखलीच नव्हती. 2021 मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं.

तुमच्या प्रस्तावासाठी यातून एक साधी सवय लावून घ्या. कुठल्याही रस्त्याच्या चार तारखा वेगवेगळ्या लिहा: रेघ आखली कधी, अधिसूचना कधी, जमीन ताब्यात कधी, वाहतूक सुरू कधी. प्रत्येक तारखेसमोर लिहा, निर्णय कोणाचा होता आणि त्या दिवशी त्या जागेवर काय होतं. जुने आराखडे, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, राजपत्र, सातबारा आणि उपग्रहचित्रं यांतून हे बरंचसं जुळवता येतं. चार तारखांमधली अंतरं मोजा. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा त्यातल्या सर्वांत मोठ्या अंतरात सापडतो.