पायाखालचे मैदान

पुण्याहून पौडकडे निघालेला रस्ता चांदणी चौकाचा चढ ओलांडतो आणि भूगाव, भुकूम मागे टाकत पिरंगुटला येतो. एके काळी भातखाचरांसाठी ओळखला जाणारा हा मुळशीचा मुलूख आता कारखान्यांचा आणि वाढत्या वसाहतींचा झाला आहे. पिरंगुटप्रमाणेच मुळशी तालुक्यात असलेल्या म्हाळुंगे गावाच्या शिवेवर, बालेवाडी येथे, श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ती उभारली गेली. पुढे 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथेच भरल्या. या क्रीडानगरीत गेल्या काही वर्षांत किती फुटबॉल संघ आले, किती गेले आणि त्या येण्याजाण्यात कोवळ्या वयाच्या खेळाडूंचे काय झाले, याचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. ज्या घरात एखादा मुलगा सकाळ-संध्याकाळ चेंडूमागे धावत असतो, त्या घराला मात्र हा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

फुटबॉल आपल्याकडे आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. छावण्यांतून तो शाळांत शिरला आणि मिशनरी शाळांनी त्याला घर दिले. पुण्यात येशूसंघीयांची सेंट व्हिन्सेंट शाळा 1867 पासूनची, तर पाषाणची लोयोला शाळा 1961 ची. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. प्रारंभी तेथे लष्करी पलटणींचेच राज्य होते. एतद्देशीय संघांनी ते हळूहळू मोडून काढले. मुंबईच्या मैदानांवर ज्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन तरुणांनी या खेळाला रंगरूप दिले, त्यांची आठवण आपल्या समाजात अजून ताजी आहे.

त्या काळच्या खेळाडूचा जीवनक्रम कसा असे, हे नेव्हिल डिसोझा यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते. मूळचे गोव्याचे नेव्हिल मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आले. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. त्या चार गोलांपैकी तीन नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला, आणि आजवर ऑलिंपिक फुटबॉलमधील ती आपली सर्वोच्च कामगिरी आहे. असा हा मोठा खेळाडू खेळत होता तो टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून.

कंपनीच्या संघात खेळणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीला समजावून सांगावे लागेल. खेळाडूला प्रथम कचेरीत नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी टेबल, सामना असेल त्या दिवशी रजा. पगार बेताचाच असे, पण तो दर महिन्याला येई. गुडघा निकामी झाला, वय वाढले, तरी टेबल सुटत नसे आणि निवृत्तीनंतर काहीतरी हाती पडे. बँका, रेल्वे, बंदर, एअर इंडिया, कापडगिरण्या, सर्वांचे संघ होते. महिंद्र कंपनीने 1962 मध्ये आपला संघ उभा केला. म्हणजे मध्यमवर्गीय किंवा कामकरी घरातील आई मुलाला 'खेळ बाबा' असे म्हणू शकत होती, ती या टेबलाच्या भरवशावर.

1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि 2007 मध्ये तिचे आय-लीगमध्ये रूपांतर झाले. व्यावसायिक फुटबॉलचे युग आले. कंपनीचा संघ मागे पडला आणि क्लब पुढे आला. नोकरी गेली, करार आला. करार एका, दोन किंवा तीन वर्षांचा. रक्कम पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी. प्रथमदर्शनी हा बदल खेळाडूच्या हिताचाच होता, आणि काहींचे त्यात खरोखरच भले झाले. पण करार तेवढाच टिकतो जेवढा करार करणारा टिकतो. आपल्या प्रांतात नेमका तोच टिकला नाही.

महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. अवघ्या चार वर्षांनी, 2010 मध्ये, तो संघ बंद झाला. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. यांना परवान्याच्या अटी पुऱ्या करता न आल्याने आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. 2007 मध्ये स्थापन झालेला पुणे एफ.सी. हा संघ दुसऱ्या श्रेणीतून वर आला. त्याने डेरिक परेरा यांच्याच मार्गदर्शनाखाली 2009-10 मध्ये तिसरा आणि पुढे 2012-13 मध्ये दुसरा क्रमांक मिळविला. 2015 मध्ये तोही संपला. त्याच वर्षी भारत एफ.सी. एकच हंगाम खेळून मिटला. 2017 मध्ये मुंबई एफ.सी. आणि डी.एस.के. शिवाजियन्स हे दोन्ही संघ आय-लीगमधून नाहीसे झाले. 2019 मध्ये इंडियन सुपर लीगमधील एफ.सी. पुणे सिटी विसर्जित झाला व त्याची जागा हैदराबादला गेली. दहा वर्षांच्या आत मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून सहा क्लब गेले. मैदानावर हरल्यामुळे बंद पडलेले त्यांत थोडे. बहुतेकांच्या मागे मालकाचे अर्थकारण, लीगची बदललेली रचना आणि उत्पन्नाचा अभाव हीच कारणे होती.

आता या पडझडीच्या मधोमध एका मुलाला उभे करून पाहू या. अनिकेत जाधव याचा जन्म 2000 साली कोल्हापूरचा. वडील रिक्षाचालक. कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावे तेथे कुलनामासारखी उच्चारली जातात आणि शाहू स्टेडियमवर हजारो माणसे सामन्याला लोटतात. अशा गावातून हा मुलगा लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तेथून तो पुणे एफ.सी.च्या अकादमीत गेला आणि मग राष्ट्रीय महासंघाच्या निवडीतून भारताच्या 17 वर्षांखालील संघात. ऑक्टोबर 2017 मध्ये भारत प्रथमच फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात खेळला. दिल्लीच्या मैदानावर अमेरिका, कोलंबिया व घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने आपण गमावले, पण त्या संघातील आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा हा मुलगा होता.

विश्वचषक आटोपल्यावर त्या मुलांचे काय करावे, हा प्रश्न महासंघापुढे होता. त्यासाठी इंडियन अॅरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरविण्यात आला. 29 नोव्हेंबर 2017 रोजी पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीला 3-0 असे हरविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. पुढे काही काळ तो इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठीही जाऊन आला. हा इंग्रज क्लब 2010 पासून पुण्याच्याच एका उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. 2019 मध्ये तो जमशेदपूरकडे आणि 2021 मध्ये हैदराबादकडे गेला. मार्च 2022 मध्ये हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर नमवून सुपर लीग जिंकली. त्याच महिन्यात अनिकेतने देशाच्या वरिष्ठ संघातून पदार्पण केले.

हे यशाचे चित्र झाले. आता त्याच मार्गाकडे मागे वळून पाहा. ज्या पुणे एफ.सी.च्या अकादमीत तो शिकला, तो क्लब 2015 मध्ये बंद झाला. ज्या इंडियन अॅरोजकडून त्याने व्यावसायिक पदार्पण केले, तो संघ 2022 मध्ये मोडीत निघाला. ज्या हैदराबादबरोबर त्याने चषक उचलला, त्याची लीगमधील जागा मुळात पुण्याहून गेलेली होती, आणि 2025 मध्ये ती हैदराबादहूनही उठून दिल्लीला गेली. वयाच्या पंचविशीपर्यंत या मुलाने चढलेल्या पायऱ्यांपैकी तीन त्याच्या मागे कोसळल्या. त्याचे कौतुक गोलांसाठी करावेच, पण एक पायरी ढासळण्याआधी पुढची गाठण्याची जी हिंमत त्याने दाखविली, तिच्यासाठी अधिक करावे.

तो एकटा नाही. कोल्हापूरचाच निखिल कदम पुणे एफ.सी.मध्ये घडला. क्लब मिटल्यावरच्या वर्षांत त्याला कोलकात्याचा मोहन बागान आणि गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड असा देशाटनाचा मार्ग धरावा लागला. मुंबईचा राहुल भेके मुंबई एफ.सी.कडून ईस्ट बंगालकडे गेला. तेथून उसनवारीने केरळ ब्लास्टर्स, मग एफ.सी. पुणे सिटी, आणि अखेर 2017 मध्ये बंगळुरू. 17 मार्च 2019 रोजी मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या 117 व्या मिनिटाला त्याच्याच डोक्यावरून गेलेल्या चेंडूने बंगळुरूला सुपर लीग मिळवून दिली. त्याला घडविणारा मुंबई एफ.सी. तोवर अस्तित्वात नव्हता. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन किशोरवयात पुण्याच्या अकादमीत आला. 2016 मध्ये पुणे सिटीने त्याला स्पेनच्या चौथ्या श्रेणीतील व्हियारेआल-सी या संघाकडे धाडले. भारतीय मुलाला युरोपच्या खालच्या लीगचा अनुभव देणारी ही दुर्मिळ संधी होती. ती देणारा क्लबही तीन वर्षांनी उरला नाही.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडे पाया आहे. तालीम आहे, शाळा आहे, धर्मग्रामाचे पटांगण आहे, शासनाची प्रबोधिनी आहे. शिखरही आहे, मग ते कोलकात्यात असो वा बंगळुरूत. मोडतो तो मधला जिना. सोळा ते बावीस या वयात, जेव्हा मुलाला दर आठवड्याला खरा सामना हवा असतो, तेव्हाच त्याच्या पायाखालचे मैदान सरकते. जे वर पोहोचले त्यांची नावे आपण वाचली. जे त्या सहा क्लबांबरोबर अर्ध्यावर थांबले, त्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत.

जागतिक फुटबॉल महासंघाचा एक नियम येथे सांगण्यासारखा आहे. खेळाडूची पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात बदली झाली, तर त्या रकमेचा 5 टक्के हिस्सा त्याला 12 ते 23 या वयात घडविणाऱ्या संस्थांत वाटला जावा. घडविणाऱ्याचे ऋण मान्य करणारी ही न्याय्य तरतूद आहे. पण आपले बहुतेक खेळाडू करार संपल्यावर विनामूल्य बदलतात, तेही देशातल्या देशात. त्यामुळे ज्या लहान संस्थेने मुलाला पहिले बूट दिले, तिच्या हाती काही येत नाही, आणि मधला जिना बांधायला कोणाजवळ पैसा साचत नाही.

जुलै 2025 मध्ये तर खुद्द सुपर लीगचाच नवा हंगाम, महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील करार संपत आल्याने, स्थगित झाला. पुण्याच्या मुलांनी जे दहा वर्षे सोसले, ते त्या दिवशी देशभरच्या खेळाडूंच्या वाट्याला आले.

मग पालकांनी काय करावे? मुलाच्या पायातील चेंडू काढून घ्यावा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु पूर्वी जे टेबल कंपनी देत असे, ते आता घराने आणि समाजाने द्यावयाचे आहे. दहावी-बारावीची परीक्षा सुटता कामा नये. करारावर सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. प्रशिक्षकाचा परवाना, फिजिओथेरपीचे शिक्षण, क्रीडाशिक्षकाची पदविका या वाटा वेळीच दाखवून ठेवाव्यात. गावातील आणि धर्मग्रामातील मैदान राखणे, हे तर आपल्या सर्वांचेच काम. पिरंगुटसारख्या वाढत्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. तेथे मोकळी जागा एकदा गेली की ती परत येत नाही.

क्लब धनिकांच्या मर्जीने उभे राहिले आणि धनिकांच्या अडचणीत मिटले. कोल्हापूरच्या तालमी मात्र पेठेच्या लोकांनी उभ्या केल्या, म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. गेल्या दोन दशकांच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच, की तरुणाच्या पायाखालचे मैदान त्याच्याच माणसांनी धरून ठेवले तर ते सरकत नाही.