भिंतीतला कोनाडा, भिंतीवरची फळी

आपल्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या भिंतीवर एक निळी रेघ आहे. नवीन राहायला आलेली मुलं विचारतात, ही कसली? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई तिथवर आली होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ माझ्या छातीला लागते. संपादक मंडळानं ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं; सभा, ठराव नि पाण्याच्या टाकीचं भांडण यावर इतर लिहितीलच. मी या रेघेच्या वरच्या एका फळीचा इतिहास लिहितो. तो थोडा लांबून, वाईपासून सुरू होतो.

आमचं जुनं घर वाईला. वाडा म्हणण्याइतकं मोठं नव्हे, पण बांधणी वाड्याचीच. खाली काळा दगड, वर वीट नि पांढरी माती, सागवानी खांब, आणि भिंत चांगली अडीच फूट जाड. अख्ख्या घरात कपाट म्हणून एक नव्हतं. दिव्याला देवळी, रोजच्या वस्तूंना कोनाडा, दारं लावलेलं ते फडताळ, आणि धान्याला भिंतीच्या पोटातलं बळद. कोनाडा फूटभर खोल घेतला तरी मागे दीड फूट भिंत उरायची. वर महिरप किंवा लाकडाची तुळई टाकली की वरचा भार दोन्ही बाजूंना वाटला जायचा. म्हणजे कोनाडा हा जाड भिंतीचा फुकटचा नफा. भिंत जाड करायची ती भार पेलण्यासाठी; त्यातच सामान ठेवायची सोय होऊन जायची. शेजारच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिलात तर हीच गोष्ट मोठ्या मापात दिसेल.

या सोयीनं आपल्या इतिहासावर उपकार केलेत. कागद रुमालात बांधून फडताळात, पेटाऱ्यात, माळ्यावर टाकला की पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावत नसे. मेणवलीचं दप्तर असंच टिकलं. इतिहासाचार्य राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं वाईतच सापडली, त्यावर त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. इकडे मिरजेला खरेशास्त्र्यांनी पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. वाळवीनं, उंदरांनी नि रद्दीवाल्यांनी किती नेलं त्याचा हिशेब वेगळा.

आमच्या कोनाड्यात असलं काही मोलाचं नव्हतं. आजोबांची दोन-तीन बाडं, कुळांचे हिशेब, आजीला तिच्या भावानं लिहिलेली पोस्टकार्डं.

जाड भिंतीचा शेवट कसा झाला, हे सातारा जिल्ह्याला सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. दगड-मातीची भिंत दिसते एक, पण आत दोन पदर असतात, मध्ये खडी-मातीची भर. आडवा जोडदगड पुरेसा घातलेला नसला तर हादऱ्यानं पदर सुटतात नि भिंत पोट काढून कोसळते. त्यानंतर १९७० मध्ये देशाच्या भूकंप-विभागांचा नकाशा सुधारला, कोयनेचा भाग वरच्या विभागात गेला. पुढे सिमेंट स्वस्त होत गेलं तसे कॉलम-बीम आले. भार कॉलमवर गेला, भिंतीला फक्त आडोसा करायचं काम उरलं. बाहेरची सहा इंच, आतली चार इंच. आता कोनाडा कोरणार कशात?

तरीही आपल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये कोनाडा आहे, लक्षात आलंय का? हॉलमध्ये दोन कॉलम भिंतीच्या पुढे आलेत, त्यांच्यामध्ये जवळजवळ फूटभर खोल, सव्वातीन फूट रुंद अशी खाच आहे. कोणी तिथं फ्रिज ठेवतो, कोणी सायकल. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा घेतला तेव्हा मी तिथं जमिनीपासून दाबलेल्या भुश्शाच्या बोर्डाचं शोकेस करून घेतलं आणि वाईची बाडं खालच्या कप्प्यात ठेवली. २००५ च्या पुरात पाणी फाटकाशी थांबलं, म्हणून निर्धास्त होतो. २०१९ ला आम्ही बायकामुलांसह वेळेवर निघालो. गॅस, कागदपत्रं, दागिने सगळं आठवलं, बाडं आठवली नाहीत. आठवड्यानं परत आलो तर बोर्ड फुगून पावासारखा झालेला. बाडांचा एकच गठ्ठा. पोस्टकार्डांवरची शाई चिखलात मिसळलेली.

दोनशे वर्षांचे कागद मेणवलीला कृष्णेकाठीच टिकले. आमचे सांगलीत त्याच नदीनं नेले, आणि त्यात नदीची चूक मला तरी दिसत नाही.

त्यानंतर खाचेत फळ्या बसवल्या. हल्ली ज्याला फ्लोटिंग शेल्फ म्हणतात त्या. खाली ब्रॅकेट नाही, खांब नाही. पहिली मी स्वतः बसवली ती महिन्याभरात खाली आली, कारण फक्त मागच्या भिंतीत, तेही विटांच्या सांध्यात, स्क्रू मारले होते. पुस्तकांची फूटभर ओळ आठ-दहा किलोची होते. तीन फुटांची फळी म्हणजे पंचवीस-तीस किलो, आणि मोकळ्या भिंतीवर तो सगळा भार पुढून ओढ देऊन मागचे स्क्रू उपटतो. मग आपल्या सोसायटीचं काम करणाऱ्या सुतारमिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, “काका, तीन बाजूंनी भिंत असताना एकीवरच का लटकवता?”

त्यांनी मागे आणि दोन्ही कॉलमना दोन बाय एक इंचाच्या सागवानी पट्ट्या मारल्या, पाणसळ लावून. ड्रिलची भुकटी बघत होते: आधी प्लास्टरची राखाडी, मग लाल आली की वीट, तिथं गिट्टी बसते. राखाडीच राहिली नि बिट मऊ जातंय तर सांधा, भोक बदला. कॉलममध्ये सळईला बिट लागलं तर जोर न लावता दोन इंच सरका. कॉलमला खाच मात्र पाडायची नाही, त्यावर वरचे तीन मजले उभे आहेत. स्विचबोर्डाच्या सरळ वर भोक नाही, तिथून वायरचा पाईप जातो. मग खाली-वर प्लाय नि मध्ये पट्ट्या असा हलका खोका करून तो पट्ट्यांवर सरकवला, वरून स्क्रू. खाच पुढे नि मागे सारख्या मापाची नसतेच. आमची मागे पाऊण इंच अरुंद निघाली. त्यांनी आधी पुठ्ठा कापून बसवून पाहिला, मग प्लायला करवत लावली. प्लाय मरीन, आयएस ७१० चा शिक्का पाहून घेतलेला.

सर्वांत खालची फळी निळ्या रेघेच्या दीड फूट वर आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पण रेघेला शिवलं नाही. वरच्या फळीवर आता बाडांतली वाळवून उरलेली अकरा पानं आहेत, नि सोसायटीचं पहिल्या सभेचं इतिवृत्त. कार्यालय तळमजल्यावर असल्यानं सेक्रेटरीसाहेबांनी ते माझ्याकडे ठेवायला दिलंय. कोणाला पाहायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर यावं. स्टूल लागतं, ते आमच्याकडे आहे.