नावात दडलेले साल

रिक्षाच्या काचेवरचा ७८६ आम्ही रोज पाहतो. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम'च्या अक्षरांची ती अबजद बेरीज. अबजदमध्ये अरबी लिपीच्या प्रत्येक अक्षराला अंक असतो. जन्मसालाशी बेरीज जुळवून ठेवलेले नाव म्हणजे तारीखी नाव.

मौलाना अबुल कलाम आझादांचे तारीखी नाव फीरोज बख्त. वर्गात फळ्यावर मांडले: फीरोज ३०३, बख्त १००२, एकूण १३०५ हिजरी. पण ते साल तर सप्टेंबर १८८८ च्या पहिल्या आठवड्यातच संपले! आणि मौलानांची जयंती, राष्ट्रीय शिक्षण दिन, आम्ही साजरा करतो ११ नोव्हेंबरला.

दाखल्यावर शाळेनेच १ जून लिहिलेल्या आमच्यासारख्यांना याचे नवल नाही. आम्ही नावाच्या बाजूचे. मौलानांनीही 'तजकिरा'त जिल्हिज्ज १३०५ च नोंदवला आहे.