बिसखोपऱ्याचं विष

दासगावच्या दगडी गडग्यावर घोरपड ऊन खात पडलेली दिसली, तर त्यात नवल काही नाही. मागे डोंगर, पुढे सावित्रीची खाडी; बिळाला जागा आणि खायला खेकडे-अंडी, दोन्हींची सोय. शिवाय शेजारी पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. कोंढाण्याचा कडा चढणाऱ्या यशवंती घोरपडीची दंतकथा ऐकत वाढलेला माणूस तिला विषारी म्हणायला धजत नसावा. ते बालंट येतं सापसुरळीवर. नावात साप आला की संपलं! तिच्या तोंडात विषाचा थेंब नाही, तरी ती दिसली की केरसुणी उगारली जाते.

उत्तरेत मात्र घोरपडीचं पिवळ्या ठिपक्यांचं पिल्लूसुद्धा ‘बिसखोपरा’ ठरतं. बिस म्हणजे विष. साहेबाच्या कानाला हाच शब्द ‘बिसकोब्रा’ ऐकू आला. कोब्रा हा पोर्तुगीज शब्द, अर्थ नुसता साप. ‘कोब्रा दि कापेलो’ म्हणजे टोपीवाला साप, आपला नाग. त्यात लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा. म्हणजे हा प्राणी नागाच्या दुप्पट जहाल! साताऱ्यात जन्मलेला आणि मिठाच्या-जकातीच्या खात्यात नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ऊर्फ ‘ईहा’ यानं 1883 च्या पुस्तकात याची मनसोक्त थट्टा केली: चावल्याचे दाखले अगणित, फक्त असा प्राणी आहे की नाही तेवढंच ठरायचं बाकी आहे. तीनच वर्षांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या शब्दकोशात बिसकोब्राला जागा मिळाली. शब्द खरा, प्राणी खोटा.

खरा विषारी सरडा राहतो अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आणि मेक्सिकोत, वाळवंटात. हीला नदीवरून त्याला हीला मॉन्स्टर म्हणतात. हातभर लांबीचा, काळ्या-केशरी मण्यांनी मढवल्यासारखा. चरबी साठवायला जाड शेपूट, आयुष्याचा बहुतेक काळ बिळात. विषग्रंथी खालच्या जबड्यात. सापासारखा डंख मारून तो मोकळा होत नाही. चावा धरून ठेवतो, चघळतो, आणि दातांच्या खाचांतून विष झिरपतं. त्या खाचा पाहूनच 1869 साली कोप या शास्त्रज्ञानं त्याचं नाव ठेवलं ‘सस्पेक्टम’, संशयित. हा संशय खरा निघाला. पुढे त्याच विषातल्या एका द्रव्यावरून मधुमेहाचं औषध तयार झालं आणि 2005 मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं.

मग 2006 मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की घोरपडींच्या कुळातही जबड्यात तशा ग्रंथी आहेत. त्यांना विषग्रंथी म्हणावं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. दासगावात त्यानं फरक पडत नाही. घोरपड चावलीच तर जखम साबणानं धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तिला मारलं तर मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुरुंग आहे.