राज्य गेले, पोथ्या राहिल्या

दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, आणि गड घेणाऱ्या, मुलूख जिंकणाऱ्या वीरांच्या गोष्टी आपण त्यांना हौसेने सांगतो. त्या सांगाव्यातच. पण ज्याच्या हाती मुलूख उरला नाही, तरीही ज्याने घराण्याचे नाव राखले, असा एक मराठा राजा कावेरीकाठी होऊन गेला. मला त्याचे फार कौतुक वाटते. तंजावरचा दुसरा सरफोजी तो हा.

शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यापूर्वीच्या नायक राजांपासून तेथील वाड्यात पोथ्यांचा संग्रह होता. सरफोजी १७९८ साली गादीवर बसला. पण दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, ठरलेली नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. असा रिकामा राजा नाचरंगात बुडाला असता तर कोणी नवल केले नसते. याने मात्र ग्रंथ जमवले.

श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली तो शिकला होता, इंग्रजी उत्तम जाणत होता. युरोपातून त्याने छापील पुस्तके आणवली आणि त्यांवर स्वतःच्या हाताने सह्या केल्या. वाड्यात छापखाना घातला. इसापच्या गोष्टी तेथे मराठीतून छापल्या गेल्या. १८२० साली तो काशीयात्रेला निघाला. यात्रेकरू गंगाजल आणतात. या राजाने गंगाजलाबरोबर पोथ्याही आणल्या.

पोथ्या मिळवणे एक आणि त्या टिकवणे दुसरे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचे आणि वर काजळी चोळायची, म्हणजे ते उठून दिसते. पण दक्षिणेच्या दमट हवेत कसर आणि वाळवी यांची सदा धाड. त्यावर तंजावरचा उपाय असा : वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरे आणि दालचिनी यांची पूड करून, तीत कापूर घालून, तिची पुरचुंडी पोथ्यांजवळ ठेवायची. यातला एकही जिन्नस आमच्या गृहिणींना परका नाही! विद्येचे रक्षण शेवटी मसाल्याच्या डब्याने केले, असे म्हणायला हरकत नाही.

खरे संकट मात्र माणसांकडून आले. सरफोजी १८३२ साली वारला. त्याचा पुत्र शिवाजी १८५५ साली निपुत्रिक गेला आणि कंपनीने राज्याबरोबर वाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राणीने दाद मागितली. पण हे राजसत्तेचे कृत्य, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निकाल विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली दिला. पुढे सरकारनेच खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. त्या धामधुमीत हा संग्रह फुटला असता, तर पोथ्या कोणाच्या दारी गेल्या असत्या कोण जाणे! सुदैवाने तो एकत्र राहिला. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने संस्कृत पोथ्यांची सूची केली. ती १८८० साली लंडनला छापून निघाली.

पोथी दुसऱ्याच्या हाती दिली की परत येण्याचा भरवसा नाही, असे जुने लोक सांगत. तंजावरच्या भोसले घराण्याने नेमके उलट केले. १९१८ साली सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झाले. आज तेथे चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत बहुतेक संस्कृत. पण मराठीही तीन हजारांच्या घरात आहेत. शिवाय मोडी कागदांचे रुमाल निराळेच.

पुस्तकावर आपले नाव घालणारा प्रत्येकजण ते आपले समजतो. सरफोजीही समजला असेल. पण त्याच्या सहीची पुस्तके आज कोणालाही मागून वाचता येतात, म्हणूनच ती सही जिवंत आहे. आपल्या घरच्या माळ्यावर आजोबांची एखादी पोथी फडक्यात बांधलेली असेल, तर या दिवाळीत ती खाली काढावी, ऊन दाखवावे आणि नातवंडांच्या देखत सोडावी. नुसती जपलेली पोथी एका पिढीची, वाचलेली सगळ्यांची.