‘मतं खाल्ली’ म्हणजे नेमकं काय? चिंचवड २०२३ आणि पुणे पदवीधर २०१४

हे या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. यावेळी आकडे जरा जास्त आहेत, आणि पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून इयरफोनवर ऐकलेले आकडे पुढच्या स्टॉपपर्यंत डोक्यात टिकत नाहीत. म्हणून हा भाग वाचलात तरी चालेल.

विषय आहे अपक्ष उमेदवार. निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य हमखास फिरायला लागतं: ‘अमक्याने मतं खाल्ली, नाहीतर आपला माणूस आला असता.’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्यामागचा हिशेब मात्र फारसं कुणी मांडत नाही.

माझं पोट कोडिंगवर चालतं. प्रोग्राम बिघडला की आम्ही आधी विचारतो, हा तुकडा काढून टाकला तर काय होईल? अपक्षाबद्दलही तोच प्रश्न विचारायला हवा. तो उभाच राहिला नसता, तर त्याची मतं कुठे गेली असती? आज आपण हा प्रश्न पुण्याच्या आसपासच्या दोन तिरंगी लढतींना विचारू. एक विधानसभेची, दुसरी विधान परिषदेची.

चिंचवड २०२३: बेरीज जुळते, पण…

लक्ष्मण जगताप यांचं ३ जानेवारी २०२३ रोजी निधन झालं आणि चिंचवडला पोटनिवडणूक लागली. मतदान २६ फेब्रुवारीला, मोजणी २ मार्चला. भाजपने त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उभं केलं. महाविकास आघाडीकडून राष्ट्रवादीचे नाना काटे. आणि तिसरे राहुल कलाटे. ते ठाकरे गटाचे, पण जागा राष्ट्रवादीकडे गेल्यावर त्यांनी अपक्ष अर्ज भरला. समजूत काढायचे प्रयत्न झाले, पण कलाटे मागे हटले नाहीत.

निकाल असा लागला:

अश्विनी जगताप: १,३५,६०३
नाना काटे: ९९,४३५
राहुल कलाटे: ४४,११२

फरक ३६,१६८ मतांचा. काटे अधिक कलाटे केलं तर १,४३,५४७ होतात, म्हणजे जगतापांपेक्षा जवळपास ८ हजार जास्त. झालं, ‘कलाटेंनी मतं खाल्ली’ हे वाक्य तयार!

त्याच दिवशी कसब्याचाही निकाल होता, त्यामुळे हे वाक्य आणखी पक्कं झालं. तिथे मुख्य लढत सरळ होती, आणि १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे ११ हजारांनी जिंकली. एका दिवशी दोन निकाल, एकीकडे सरळ लढत, दुसरीकडे तिरंगी. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला.

आता आपला प्रश्न विचारू. कलाटे नसते तर? काटे जिंकायला कलाटेंच्या ४४ हजारांपैकी किती जण काटेंकडे यायला हवे होते? उरलेले सगळे भाजपकडे गेले असं धरलं, तर ९१ टक्के. उरलेले घरीच बसले असं धरलं, तरी ८२ टक्के. म्हणजे कलाटेंच्या दर दहा मतदारांपैकी किमान आठ-नऊ जणांनी काटेंचंच बटण दाबायला हवं होतं.

हे शक्य होतं का? कलाटेंचा इतिहास बघा. २०१४ ला ते शिवसेनेचे उमेदवार होते, तेव्हा सगळेच मोठे पक्ष वेगवेगळे लढले होते. २०१९ ला ते अपक्ष लढले, विरोधी पक्ष त्यांच्या मागे होते, आणि १,१२,२२५ मतं मिळवूनही ३८ हजारांनी हरले. म्हणजे त्यांचा मतदार एका रंगाचा नव्हता. कुणी जुना शिवसैनिक, कुणी भावकीतला, कुणी दोन्ही बाजूंना कंटाळलेला. त्यातले नव्वद टक्के एका बाजूला जातील असं धरणं म्हणजे माणसं ही पोती आहेत, कुठल्याही गोदामात हलवता येतात, असं मानणं.

पुढे तर परीक्षाच झाली. २०२४ ला कलाटे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार होते. त्यांना १,३१,४५८ मतं मिळाली, भाजपचे शंकर जगताप २,३५,३२३ वर गेले. फरक एक लाखाच्या वर. वेळ वेगळी होती, पक्ष फुटले होते, मतदान वाढलं होतं, त्यामुळे याला पुरावा म्हणता येणार नाही. पण कागदावरची बेरीज जमिनीवर उतरेलच असं नाही, एवढं नक्की कळतं.

आणि एक गंमत सांगायची राहिली. मतदारसंघ फेररचनेनंतर २००९ ला चिंचवडची पहिली निवडणूक झाली, ती जिंकली कुणी? आघाडीत जागा काँग्रेसला गेली म्हणून बंड करून अपक्ष उभे राहिलेल्या लक्ष्मण जगतापांनी, साडेसहा हजारांच्या फरकाने. तेव्हा त्यांना कुणी ‘मतं खाणारा’ म्हटलं नाही. अपक्ष जिंकला की लोकनेता आणि हरला की मतं खाणारा!

हेच फ्लोरिडात

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. २०१० साली फ्लोरिडात सिनेटची, म्हणजे अमेरिकेच्या वरच्या सभागृहाची, निवडणूक होती. चार्ली क्रिस्ट हे तिथले रिपब्लिकन गव्हर्नर. पक्षांतर्गत निवडणुकीत मार्को रुबिओ पुढे जाताना दिसल्यावर ते बाहेर पडले आणि मधल्या वाटेचे अपक्ष म्हणून उभे राहिले. रुबिओंना सुमारे ४९ टक्के, क्रिस्टना सुमारे ३०, डेमोक्रॅट केंड्रिक मीक यांना सुमारे २०. दोघांची बेरीज रुबिओंपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. म्हणजे मीक यांचा जवळजवळ प्रत्येक मतदार क्रिस्टकडे गेला असता, तरच निकाल फिरला असता. गणित चिंचवडचंच.

मेन या राज्याने यावर उपाय शोधला. तिथे त्याच वर्षी गव्हर्नरच्या तिरंगी लढतीत विजेत्याला ४० टक्केही मिळाले नव्हते. २०१६ च्या सार्वमतात लोकांनी पसंतीक्रमाची पद्धत निवडली, आणि २०१८ ची सिनेट निवडणूक तिथे याच पद्धतीने झाली. एकाच नावाऐवजी १, २, ३ असे क्रम लिहायचे.

ही पद्धत आपल्या पुण्यात आधीपासूनच आहे. आपलं तिकडे लक्ष नसतं, एवढंच.

पुणे पदवीधर २०१४: इथे खरंच निकाल फिरू शकला असता

विधान परिषद म्हणजे आपल्या राज्याचं वरचं सभागृह. ७८ आमदार, त्यातले ७ पदवीधरांनी निवडलेले. पुणे पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा: पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. १९९० पासून बारा वर्षं इथले आमदार प्रकाश जावडेकर होते. २००८ ला चंद्रकांत पाटील आले.

जून २०१४. लोकसभेत मोदी लाट येऊन गेलेली. भाजपकडून पुन्हा चंद्रकांत पाटील. राष्ट्रवादीकडून सारंग पाटील, श्रीनिवास पाटलांचे चिरंजीव. आणि राष्ट्रवादीतच बंड करून अपक्ष उभे राहिलेले कुंडलचे अरुण लाड, प्रतिसरकारच्या तुफान सेनेतले क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचे चिरंजीव.

चंद्रकांत पाटील जिंकले. फरक फक्त २,३८० मतांचा, आणि लाड यांना मिळालेली मतं सुमारे ३७ हजार. चिंचवडमध्ये अपक्षाची मतं फरकाच्या सव्वा पट होती, इथे पंधरा पट! लाडांच्या दर पंधरा मतदारांमागे एकजण वेगळं वागला असता, तरी निकाल फिरू शकला असता. इथे ‘अपक्षामुळे निकाल ठरला’ हे म्हणणं बऱ्यापैकी पटतं.

पण थांबा. या निवडणुकीत पसंतीक्रम असतो ना? मग मतं ‘खाल्ली’ कशी जातील?

मोजणी कशी होते ते बघू. जिंकायला एकूण वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, त्याला कोटा म्हणतात. पहिल्या पसंतीत कुणीच कोट्यापर्यंत पोहोचला नाही, तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे बाकीच्यांकडे जातात. मग पुन्हा खालचा बाद, असं करत करत निकाल लागतो. ज्या मतपत्रिकेवर पुढची पसंतीच लिहिलेली नाही, ती बाजूला ठेवतात. पुढच्या फेरीत तिचा कुणालाच उपयोग नाही.

म्हणजे ‘लाड नसते तर तुम्ही कुणाला दिलं असतं?’ हा प्रश्न, ज्यावर चिंचवडमध्ये आपण नुसते अंदाज बांधतो, इथे मतपत्रिकाच प्रत्येक मतदाराला विचारते. उत्तर द्यायला जागाही ठेवते. पण पहिली पसंती सक्तीची, बाकीच्या ऐच्छिक. आणि प्रचाराचा सगळा जोर ‘पहिल्या पसंतीचं मत आम्हाला’ यावर. त्यामुळे ज्याने फक्त १ लिहिलं, त्याने त्या प्रश्नाची जागा कोरी सोडली. त्याचं मत लाडांनी खाल्लं नाही, ते त्यानेच अर्ध्यात थांबवलं.

पुढची गोष्ट अजून बोलकी आहे. २०१९ ला चंद्रकांत पाटील कोथरूडमधून विधानसभेत गेले, जागा रिकामी झाली. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत राष्ट्रवादीने उमेदवारी दिली अरुण लाडांना! तीन पक्ष पाठीशी. लाडांना १,२२,१४५, भाजपच्या संग्राम देशमुखांना ७३,३२१. दुसऱ्या पसंतीची गरजच पडली नाही. सहा वर्षांपूर्वीचा ‘मतं खाणारा’ ४८,८२४ मतांनी आमदार. म्हणजे २०१४ ला पाच जिल्ह्यांत या माणसाला मानणारे हजारो लोक होते, आणि पक्षाला ते दिसले नव्हते. अपक्षाचं खरं काम कदाचित हेच असतं, तो पक्षाला चुकलेला हिशेब दाखवतो.

आणि याच निवडणुकीत १९ हजारांहून जास्त मतपत्रिका बाद ठरल्या. मतदार सगळे पदवीधर, हे लक्षात ठेवा.

मग आपण काय करायचं?

पुढच्या वेळी कुणी ‘मतं खाल्ली’ म्हणालं, तर दोन आकडे मागा: जिंकण्याचा फरक किती, आणि अपक्षाची मतं किती. मग विचारा, निकाल फिरायला अपक्षाचे किती टक्के मतदार एका बाजूला यायला हवे होते? नव्वद टक्के निघाले तर तो बहाणा आहे. पाच-दहा टक्के निघाले, तर बोलण्यात तथ्य आहे.

दुसरं, या जागेची मुदत २०२६ अखेरीस संपते. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे बीई, बीटेक, बीकॉम झालेले असतील. पदवीला तीन वर्षं झाली असतील, तर तुम्ही पात्र आहात. पण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे येत नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने बनते आणि त्यासाठी नमुना १८ चा अर्ज वेगळा भरावा लागतो.

मतदानाला गेलात की केंद्रावर दिलेलाच पेन वापरा. टिकमार्क नको, ‘एक’ असं अक्षरी नको, आकडाच लिहा. आणि १ लिहून थांबू नका. दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्या उमेदवाराचं काहीही नुकसान होत नाही, कारण तो बाद झाल्यावरच ती वाचली जाते. मनापासून आवडणाऱ्या अपक्षाला १ द्या, आणि तो नाहीच आला तर कोण चालेल त्याला २. मग ‘मत वाया जाईल’ ही भीतीही उरत नाही.

तुमच्या भागात अशी तिरंगी लढत झाली असेल, तर फरक आणि अपक्षाची मतं आम्हाला पाठवा. टक्केवारी आपण मिळून काढू. भेटू पुढच्या भागात!