शाळेचे दार, घराचे दार

रोगराईच्या दिवसांत शाळा चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, हा वाद २०२० साली प्रथमच उद्भवला, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील शहरांत तो हिरीरीने झडला होता. त्याचे स्मरण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या शरद ऋतूत बहुतेक शहरांनी शाळांना कुलुपे लावली. न्यूयॉर्क, शिकागो व न्यू हेवन ही शहरे मात्र त्यास अपवाद ठरली. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांची भूमिका स्पष्ट होती. शहरात सुमारे दहा लक्ष शाळकरी मुले होती आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दाटीवाटीच्या, कोंदट चाळींत राहत होती. अशा मुलांस घरी बसविण्यापेक्षा हवेशीर वर्गात, शिक्षकांच्या नजरेखाली ठेवणे अधिक हितकर, असे ते म्हणत. बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचाही शाळा चालू ठेवण्याचाच आग्रह होता. रोज सकाळी प्रत्येक मुलाची तपासणी होई. आजारी आढळल्यास त्याला वेगळे काढून घरी वा रुग्णालयात नेले जाई. तरीही टीका थांबली नाही. शिकागोत तर अनेक पालकांनी भयापोटी मुलांना शाळेत पाठविलेच नाही.

ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टरांची तपासणी १८९७ पासून सुरू होती. परंतु डॉक्टर रोगी मुलास घरी धाडीत आणि पुढे त्याच्याकडे कोणी पाहत नसे. म्हणून १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांवर नेमणूक झाली. ती मुलांवर उपचार करी, त्यांच्या घरी जाऊन मातांना समजावी. सोळा वर्षांच्या या पूर्वतयारीच्या बळावर कोपलंड यांना शाळा उघड्या ठेवण्याचे धाडस करता आले.

फिलाडेल्फियात मात्र ऑक्टोबरच्या आरंभी शाळा बंद झाल्या. तेथे आर्चबिशप डोहर्टी यांनी अध्यापनातून मोकळ्या झालेल्या धर्मभगिनींना शुश्रूषेसाठी पाठविले. दोन हजारांहून अधिक भगिनी रुग्णालयांत व घरोघरी गेल्या. कित्येक घरांत आईबाप अंथरुणाला खिळलेले आणि मुले उपाशी, असे दृश्य त्यांना दिसले. शाळेचे दार बंद झाले, तेव्हा शिक्षिका स्वतःच मुलांच्या दारी गेल्या.

मग योग्य कोण? ४३ अमेरिकन शहरांच्या नोंदींचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार ज्यांनी शाळाबंदीसह अनेक उपाय लवकर योजले व दीर्घकाळ पाळले, तेथे मृत्यू कमी झाले. न्यूयॉर्कमधील मृत्युप्रमाण फिलाडेल्फियाहून कमी होते. पण त्याचे श्रेय केवळ उघड्या शाळांना देता येत नाही. तेथे रुग्णांचे विलगीकरण झाले, कचेऱ्या व दुकानांच्या वेळाही विभागल्या गेल्या.

आपल्या राज्यात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळांतील वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरांत आठवीपासून भरू लागले. चिमुकल्यांना त्याहूनही अधिक काळ थांबावे लागले. पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत मुलांची नियमित तपासणी होते काय, वर्गात वारा खेळतो काय आणि शाळा बंद पडल्यास गरिबाच्या लेकराच्या घरी कोण जाणार, हे आपण पालकसभेत आजच विचारू शकतो. ते विचारावे, अशी आमची वाचकांस कळकळीची विनंती आहे.